चार-पाच महिने गोल्फ बंद : हात काय विसरतात आणि काय नाही

पुण्यात कुणाला सांगितलं की थंडीत गोल्फ बंद असतं, तर तो तुमच्याकडे संशयानेच बघेल. इथे डिसेंबर-जानेवारी म्हणजे ऐन सीझन, येरवड्याच्या कोर्सवर सकाळचा टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ, मिळायची मारामार, स्वेटर घालून सुरुवात करायची आणि चौथ्या-पाचव्या होलला तो काढून कमरेला बांधायचा. आपली सुट्टी पावसाळ्यात. पण माझा मावसभाऊ मिनियापोलिसला असतो, मूळचा कर्वेनगरचा, इथे होता तोवर टेनिस बॉल क्रिकेटच्या पुढे गेला नाही आणि तिकडे जाऊन त्याला गोल्फचं असं काही वेड लागलं की वहिनी म्हणते नोव्हेंबर ते मार्च ह्यांच्या वाटेला घरात कुणी जात नाही. अमेरिकेत उत्तरेकडच्या राज्यांत ह्या बंदीला अधिकृत शिक्काही आहे बरं का, हिवाळ्याचे ठरावीक महिने हँडिकॅपच्या, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याच्या, हिशोबात 'इनअ‍ॅक्टिव्ह सीझन' धरतात, त्या काळात तिथल्या कोर्सवर एखाद्या उबदार दिवशी खेळलात तरी तो स्कोअर हँडिकॅपसाठी चालत नाही.

त्याचं दरवर्षीचं रडगाणं एकच, एप्रिलमध्ये परत शून्यातून सुरुवात. मला हे कधीच पटलं नाही, म्हणून जरा वाचायला घेतलं, आणि निघालं असं की स्विंग, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) फिरवायची हालचाल, जवळजवळ जसाच्या तसा शिल्लक राहतो, जातो तो अंदाज, आणि अंदाज जाण्यात दोष नुसता आपल्या हातांचा नसतो, गवताचा, रबराचा आणि हवेचाही असतो.

गवतापासूनच सुरू करू. आपल्याकडच्या कोर्सवर बहुतेक ठिकाणी बर्म्युडा गवत असतं, म्हणजे हरळीच, गणपतीला आपण ज्या दुर्वा वाहतो तीच प्रजाती, सायनोडॉन डॅक्टिलॉन. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर, लावतात त्या 'टिफड्वार्फ'सारख्या जाती ह्या हरळीच्या आणि तिच्या एका आफ्रिकन चुलतबहिणीच्या संकरातून अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनला तयार झाल्या, त्यांना बी धरत नाही, त्यामुळे काड्या लावूनच त्या वाढवाव्या लागतात. हरळी ही उसासारखी, ज्वारीसारखी सी-४ गटातली. ह्या वनस्पती कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून मग वापरतात, त्यामुळे ३०-३५ अंशांना खूश असतात, पण जमिनीचं तापमान १० अंशांच्या खाली गेलं की वाढ थांबते, पानं पिवळी-तपकिरी पडतात आणि जीव राहतो तो जमिनीखालच्या खोडांत. पुण्यात तितकं गारठत नाही, इथे हरळी फक्त मंदावते आणि रंग जरा फिका पडतो.

मिनेसोटात, म्हणजे मावसभावाच्या राज्यात, ग्रीनवर असतं बेंटग्रास, ते सी-३, गव्हाच्या गटातलं, त्याला १५ ते २४ अंश आवडतात. बर्फाखाली ते चार महिने काढतं कसं, हे मला ह्या सगळ्यातलं सगळ्यात भारी वाटतं. दिवस लहान आणि थंड व्हायला लागले की ते तयारीला लागतं, मुळं आणि पानं जिथे जुळतात त्या गड्ड्यातलं पाणी कमी करतं आणि साखर साठवतं, साखरेमुळे उरलेल्या पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो आणि पेशी फुटत नाहीत. वर पडलेला बर्फ उलट पांघरुणाचं काम करतो, बाहेर उणे २० असलं तरी जाड थराखाली जमीन शून्याच्या आसपास राहू शकते. खरा धोका फेब्रुवारी-मार्चचा. दोन दिवस ऊन पडतं, बर्फ वितळतो, गवताला वाटतं वसंत आला, ते गड्ड्यात पाणी ओढून घेतं आणि त्याच रात्री पारा परत घसरतो, आत गोठलेलं पाणी पेशी फाडून टाकतं. भुईसपाट बर्फाचा पारदर्शक थर बसला तर खाली हवाच पोचत नाही, तो वेगळा त्रास. शिवाय बर्फाखाली वाढणारी एक बुरशीही असते, तिच्यासाठी पहिला बर्फ पडायच्या आधीच औषध मारून ठेवतात. म्हणजे कोर्स बंद असला तरी तिथल्या माळ्यांचा जीव टांगणीलाच.

दहिवर गोठलेलं असताना गवतावर चालू का देत नाहीत तेही ह्यातच आलं. पेशीतलं पाणी गोठलेलं असतं तेव्हा पान कडक होतं, त्यावर पाय पडला की ते वाकत नाही, मोडतं, आणि दुपारपर्यंत तुमच्या बुटाचे काळे ठसे हिरव्या ग्रीनवर उमटतात ते कित्येक दिवस जात नाहीत. 'एक तास थांबा' असा बोर्ड लागला की तिकडे लोक चिडतात, पण चूक बोर्डाची नसते.

आता बॉल. वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर, आत गाभा पॉलिब्युटाडीन नावाच्या रबराचा. क्लब बॉलला टेकतो तो जेमतेम अर्धा मिलिसेकंद, तेवढ्यात बॉल चपटा होतो आणि परत फुगतो, आणि फुगताना जितकी ऊर्जा परत देईल तितका तो पळतो. रबर गार असलं की त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींवरून सहज सरकत नाहीत, जास्त ऊर्जा आतल्या आत उष्णता म्हणून वाया जाते आणि बॉल दगडासारखा लागतो. त्यामुळे रात्रभर गाडीच्या डिकीत राहिलेले बॉल सकाळी थेट टीवर (पहिल्या फटक्याला बॉल ठेवायची खुंटी) ठेवू नयेत, घरात ठेवलेले न्यावेत. खेळता खेळता मात्र बॉल मुद्दाम गरम करायला नियमात बंदी आहे, हात शेकायचं पाकीट खिशात चालतं पण ते हातांसाठी.

हवेचा हिशोब तर आपण पुण्यातच बसून करू शकतो. दाब तोच असेल तर हवेची घनता केल्व्हिनमधल्या तापमानाच्या उलट प्रमाणात बदलते. जानेवारीत सकाळी १२ अंश म्हणजे २८५ केल्व्हिन, मे महिन्यात दुपारी ३८ म्हणजे ३११, भागाकार केला की जानेवारीची सकाळ जवळजवळ ९ टक्के जास्त दाट. दाट हवेत बॉलला थोडी उचलही जास्त मिळते, कारण बॅकस्पिनमुळे, म्हणजे बॉलच्या उलट्या फिरकीमुळे, मिळणारी उचल हवेच्या घनतेवरच अवलंबून, पण लांब शॉटला अडवणूक भारी पडते आणि बॉल अलीकडे पडतो. ह्याच हिशोबाने पुण्याला एक कायमची सवलत आहे, आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर, म्हणजे तापमान सारखं असेल तर मुंबईपेक्षा हवा सहाएक टक्के विरळ. मुंबईहून इकडे खेळायला येणारी मंडळी पहिल्या दिवशी ग्रीनच्या पलीकडे बॉल टाकतात आणि आपलीच पाठ थोपटून घेतात, घेऊ देत.

शिवाय स्नायू. ते गार असले की प्रत्येक अंशामागे ताकद लावायचा वेग काही टक्क्यांनी कमी होतो, बोटांत संवेदना नेणाऱ्या नसाही मंद होतात, वर तीन थर कपडे. हे सगळं एकत्र झालं की जिथे सेव्हन आयर्न नावाचा क्लब लागायचा तिथे सिक्स किंवा फाइव्ह घ्यावं लागतं (आकडा लहान तितका बॉल लांब जातो), आणि माणूस समजतो की स्विंग गेला.

स्विंग मेंदूत कुठे राहतो ह्याबद्दल एक जुनी गोष्ट आहे. हेन्री मोलेसन नावाच्या माणसाची १९५३ साली अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली, मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला, आणि त्यानंतर त्याला नवीन काही लक्षातच राहीना. ब्रेंडा मिल्नर ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात चांगला बसला, आणि रोज तो सांगायचा की मी हे आधी कधी केलेलंच नाही. म्हणजे 'मला आठवतं' आणि 'माझ्या हाताला येतं' ही मेंदूतली दोन वेगळी खाती आहेत, आणि दुसऱ्या खात्यातली ठेव फार टिकाऊ. सायकल चालवण्यासारखी सलग हालचाल तर जास्तच टिकते. पण गॅपनंतरचे पहिले काही प्रयत्न वाईट जातात, हे हालचालींचा अभ्यास करणाऱ्यांना बरीच वर्षं माहीत आहे, त्याला ते वॉर्मअप डिक्रिमेंट म्हणतात. ते लवकर भरून येतं. एप्रिलच्या पहिल्या राउंडला बॉल झाडीत गेला म्हणून ग्रिप बदलणारा, नवा कोच शोधणारा, पंधरा व्हिडिओ बघणारा माणूस स्वतःच्या हाताने नुकसान करून घेतो, आमचे बंधुराज ह्यातले पट्टीचे.

जे खरंच जातं ते म्हणजे बारीक अंदाज, वीस मीटरच्या चिपला (ग्रीनजवळून हलकेच उडवलेला शॉट) क्लब किती मागे न्यायचा, पाच मीटरच्या पटला (ग्रीनवर होलकडे घरंगळत मारलेला शॉट) किती जोर. ह्याला सतत ताजी माहिती लागते, आणि ती घरात थोडीफार देता येते.

पटिंगचंच घ्या. होलचा व्यास १०८ मिलिमीटर. बॉल आत पडायला त्याने होलवरून जाताना निदान स्वतःच्या त्रिज्येइतकं, म्हणजे २१ मिलिमीटर खाली यायला हवं, गुरुत्वाकर्षणाने त्याला ०.०६६ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात पलीकडच्या काठापर्यंत बॉलच्या मध्याला ८७ मिलिमीटर मिळतात. भागाकार करा, सेकंदाला १.३ मीटर आला. अगदी मधोमध जाणारा बॉल ह्याहून थोडा जोरात असला तरी मागच्या काठाला आपटून पडू शकतो, पण मधून जरा सरकलात की ही मर्यादा भराभर खाली येते. बऱ्यापैकी वेगवान ग्रीनवर १.३ चा बॉल होल नसतं तर दीड मीटर पुढे गेला असता. तेव्हा घरी सराव करताना स्टीलच्या पेल्यात ठाण्ठाण् बॉल आपटून खूश होऊ नये, पेला आडवा असेल तर तो कुठल्याही वेगाचा बॉल गिळतो. त्यापेक्षा सतरंजी अंथरा, एक सुतळी आडवी टाका आणि बॉल सुतळी ओलांडून वीतभर पुढे थांबला पाहिजे असं बघा. आपल्या हॉलमधल्या चकचकीत टाइल्स ह्या कामाला बाद, बॉल थेट शू-रॅकखाली.

आणि दर वेळी अंतर बदला. हे फार लोक करत नाहीत. १९८६ मध्ये गूड आणि मॅगिल ह्या दोघांनी बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिस नवशिक्यांना शिकवल्या, काहींना एकेक प्रकार घोटून आणि काहींना तिन्ही मिसळून. मिसळून शिकणाऱ्यांना नंतरच्या परीक्षेत जास्त चांगलं जमलं. (बॅडमिंटनचे नियम १८७० च्या दशकात आपल्या पुण्यातच इंग्रज अधिकाऱ्यांनी बसवले आणि खेळाला 'पूना' म्हणायचे, हे सांगितल्याशिवाय पुणेकराला पुढे जाववत नाही.) सिम्युलेटरवर, म्हणजे घरात पडद्यावर बॉल मारायच्या यंत्रावर, एकाच क्लबने ओळीने पन्नास बॉल मारले की छान वाटतं, पण कोर्सवर एकच शॉट दोनदा लागोपाठ क्वचितच येतो. सिम्युलेटरची दुसरी गोम म्हणजे मॅट, बॉलच्या मागे क्लब आपटला तरी तो मॅटवरून सरकत पुढे जातो आणि स्क्रीनवर शॉट बरा दिसतो, मातीत तोच शॉट दहा पावलांवर पडला असता. कोपर दुखायला लागलं तर आधी मॅटवर संशय घ्या.

बसल्या बसल्या मनातल्या मनात खेळणं हा प्रकारही थापेबाजी नाही. पास्कुआल-लिओनी ह्या संशोधकाने १९९५ साली लोकांना पियानोचा पाच बोटांचा सराव पाच दिवस करायला लावला, काहींना प्रत्यक्ष आणि काहींना फक्त कल्पनेत. मेंदूत बोटं हलवणाऱ्या भागाचा नकाशा दोन्ही गटांत सारख्याच पद्धतीने पसरला, वाजवण्यात मात्र प्रत्यक्षवाले पुढेच राहिले. फक्त ते खऱ्या वेगात करायचं, हातात क्लब धरून, ओळखीचं होल डोळ्यासमोर आणून. सोफ्यावर पडून टीव्ही बघता बघता केलेलं मोजू नये.

मावसभावाच्या चिडचिडीचा काही भाग गोल्फचा नसून उजेडाचा असावा, असं माझं मत. उन्हात बाहेर ५० हजार लक्सच्या (उजेडाचं एकक) वर उजेड असतो, ऑफिसात तीनशे ते पाचशे. तिकडे डिसेंबरात दिवस पावणेनऊ तासांचा. हिवाळ्यात येणारी उदासी १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल ह्यांनी नीट मांडली, आणि तिच्यावर सकाळी अर्धा तास १० हजार लक्सच्या दिव्यासमोर बसायचा उपचार आजही करतात. एरवी चार तास उघड्यावर चालणारा माणूस एकदम बेसमेंटमध्ये जाऊन बसला तर फरक पडणारच. रोज दुपारी बर्फातून अर्धा तास चालून ये म्हटलं, तर म्हणे पटर घेऊन जाऊ का.

आपल्याला हेच सगळं जुलै-ऑगस्टमध्ये लागू, फक्त कारणं उलटी. हरळी तेव्हा इतकी माजते की कापणाऱ्यांना उसंत नाही, पण ओल्या मातीवर जड मशीन घातलं तर जमीन दबते, म्हणून कोर्स बंद ठेवावा लागतो किंवा बॉल उचलून पुसून ठेवायची मुभा देतात. दमट हवा जड असते असं क्लबात सगळे छातीठोकपणे सांगतात, प्रत्यक्षात पाण्याचा रेणू १८ वजनाचा आणि कोरड्या हवेची सरासरी २९, म्हणजे पावसाळी हवा किंचित हलकीच. बॉल अलीकडे पडतो तो ओल्या क्लबफेसमुळे स्पिन बिघडतो म्हणून, आणि पडल्यावर चिखलात पुढे पळत नाही म्हणून. तेव्हा पावसाळ्यात अंतरं नव्याने पाठ करायला जाऊ नका, ऑक्टोबरमध्ये जमीन वाळली की ती परत बदलणार आहेत.