अमेरिकी सरकारी नोकरीतली अमली पदार्थ चाचणी : कार्यक्रम सांभाळायला पात्र कोण?

दारूच्या आहारी गेलेल्या कर्मचाऱ्याला आधी उपचार मिळावेत, ही जबाबदारी अमेरिकेच्या केंद्र सरकारने 1970च्या कायद्याने आपल्या खात्यांवर टाकली. दोन वर्षांनी अमली पदार्थांच्या व्यसनाचाही त्यात समावेश झाला. त्यामुळे कार्यालयांत हा विषय सांभाळणारा माणूस सुरुवातीला समुपदेशक होता. त्याच्या खोलीत काय बोलले जाते ते बाहेर जात नसे, आणि त्याच्या कामाचा सगळा भार या विश्वासावर होता.

लघवी तपासण्याची परंपरा दुसरीकडून आली. व्हिएतनाममधून परतणाऱ्या सैनिकांची हेरॉइनसाठी चाचणी 1971मध्ये सुरू झाली. पुढे मे 1981मध्ये एका विमानवाहू युद्धनौकेच्या धावपट्टीवर विमान कोसळून 14 जण मेले आणि मृतांपैकी काहींच्या शरीरात गांजाचे अंश सापडले. त्यानंतर सैन्यातल्या चाचण्यांना धार चढली. पण घाईत वाढवलेल्या या यंत्रणेत प्रयोगशाळांच्या नोंदी इतक्या कच्च्या निघाल्या की हजारो सैनिकांना आपल्या निकालाविरुद्ध दाद मागण्याची मुभा द्यावी लागली. पुढचे बहुतेक नियम या फजितीतून शिकूनच लिहिले गेले आहेत.

15 सप्टेंबर 1986च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने हे दोन प्रवाह एका टेबलावर आणले. प्रत्येक खात्याने आराखडा करायचा होता : धोरण, कर्मचारी साहाय्य, पर्यवेक्षकांचे प्रशिक्षण, स्वतःहून पुढे येणाऱ्याला वाट, आणि चाचणी. पाचपैकी चार गोष्टी समुपदेशनाच्या परंपरेतल्या होत्या. तरी वर्तमानपत्रांत, संघटनांच्या सभांत आणि न्यायालयांत गाजली ती पाचवी. दुसऱ्या वर्षी संसदेने पैशाला अट घातली : शास्त्रीय मार्गदर्शक नियम ठरल्याशिवाय चाचण्यांवर खर्च नाही. ते नियम 11 एप्रिल 1988 रोजी निघाले.

या नियमांतला सर्वांत दूरगामी निर्णय म्हणजे प्रयोगशाळा आणि खाते यांच्या मध्ये एक डॉक्टर उभा करणे. या मेडिकल रिव्ह्यू ऑफिसरकडे वैद्यकीय परवाना हवा आणि व्यसनाधीनतेच्या विकारांचे ज्ञान हवे. हे समजण्यासाठी ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचा गुंता सोडवावा लागतो. प्रयोगशाळेच्या भाषेत पॉझिटिव्ह म्हणजे ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त अंश सापडला, एवढेच. माणसाने नशा केली की डॉक्टरने लिहून दिलेली गोळी घेतली, हे यंत्राला कळत नाही. डॉक्टर त्या माणसाशी बोलतो, औषधाची चिठ्ठी तपासतो आणि कारण वैध असेल तर खात्याला ‘निगेटिव्ह’ कळवतो. म्हणजे एकच नमुना प्रयोगशाळेत पॉझिटिव्ह आणि कार्यालयाच्या फायलीत निगेटिव्ह असू शकतो, आणि दोन्ही नोंदी खऱ्या असतात. खात्यात हा चाचणी कार्यक्रम सांभाळणाऱ्या समन्वयकाला फक्त दुसरी नोंद मिळायला हवी. पहिली त्याच्या हाती पडली तर कर्मचाऱ्याचे आजारपण साहेबाच्या टेबलावर उघडे पडते.

आपल्याकडच्या वाचकाला याचे सर्वांत जवळचे उदाहरण अनारशावरच्या खसखशीचे. खसखशीच्या दाण्यांवर मॉर्फिन आणि कोडीनचे अंश असतात आणि ते लघवीत उतरतात. सुरुवातीची मर्यादा मिलिलिटरला 300 नॅनोग्रॅम होती. या गटातल्या असंख्य पॉझिटिव्ह निकालांमागे नशा नव्हतीच, म्हणून डिसेंबर 1998पासून ती 2000 नॅनोग्रॅमवर नेली. त्याआधीची दहा वर्षे निरपराध माणसाची नोकरी वाचली ती त्या मधल्या डॉक्टरमुळे. अफूवर्गीय निकाल ग्राह्य धरण्याआधी गैरवापराची शारीरिक लक्षणे, उदाहरणार्थ सुईच्या खुणा, पाहण्याचे बंधन त्याच्यावर होते. नियमांतल्या साऱ्या अटींमध्ये मला ही सर्वांत मोलाची वाटते. सैन्याने मात्र फेब्रुवारी 2023मध्ये आपल्या लोकांना खसखस टाळण्याचाच सल्ला दिला.

21 मार्च 1989 रोजी सक्तीच्या चाचणीविषयी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल एकत्र आले. रेल्वेच्या प्रकरणात प्रश्न फारसा अवघड नव्हता. जानेवारी 1987मध्ये मेरीलँडमध्ये झालेल्या अपघातात 16 जण मेले होते आणि चुकलेल्या इंजिनावरच्या कर्मचाऱ्यांनी गांजा ओढल्याचे उघड झाले होते. सात विरुद्ध दोन मतांनी चाचणी मान्य झाली. सीमाशुल्क खात्याच्या प्रकरणात मात्र 3,600 कर्मचाऱ्यांपैकी जेमतेम 5 जण पॉझिटिव्ह आले होते. तेथे बहुमत पाच विरुद्ध चारवर घसरले, आणि रेल्वेच्या प्रकरणात चाचणीच्या बाजूने मत देणारे दोन न्यायमूर्ती इथे विरोधात गेले. तेव्हापासून कोणत्या पदाला चाचणी लावायची, हे पदागणिक सिद्ध करावे लागते. हे काम ना डॉक्टरचे ना समुपदेशकाचे. ते आले कार्यक्रम समन्वयकाकडे, आणि त्याची पात्रता कोणी ठरवलीच नव्हती.

1991च्या वाहतूक कायद्यानंतर हा व्याप महापालिकांच्या बसचालकांपर्यंत पोचला. डिसेंबर 2000मध्ये वाहतूक खात्याने नियम नव्याने लिहिले तेव्हा साखळीतल्या जवळजवळ प्रत्येकाला परीक्षा लागली. नमुना घेणाऱ्याने प्रशिक्षण घेऊन लागोपाठ पाच सराव-संकलने बिनचूक करून दाखवायची. डॉक्टरने प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यायची. चुकलेल्या कर्मचाऱ्याचे मूल्यमापन करणाऱ्या तज्ज्ञाकडे परवाना किंवा मान्यताप्राप्त प्रमाणपत्र हवे, शिवाय परीक्षा आणि दर तीन वर्षांत 12 तासांचे पुढचे शिक्षण. ट्रक आणि बसचालकांवर देखरेख करणाऱ्याला संशयाची लक्षणे ओळखण्यासाठी दारूचे 60 आणि अमली पदार्थांचे 60 मिनिटांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. नियोक्त्याच्या वतीने निकाल स्वीकारणाऱ्या आणि माणसाला तत्काळ कामावरून बाजूला करणाऱ्या प्रतिनिधीला मात्र एकच अट : तो नियोक्त्याचाच माणूस असावा, बाहेरचा ठेकेदार चालणार नाही. ठरावीक पदवी, परीक्षा, तास यांतले काही नाही.

या सवलतीच्या बाजूने बोलणारे सांगतात की लहान गावच्या बससेवेत हे काम हजेरी लिहिणारा कारकूनही करतो, त्याला परीक्षा लावली तर माणूसच मिळणार नाही. अडचण खरी आहे. पण निकालाचा फोन चुकीच्या माणसासमोर घेतला गेला, तर बाकी सगळ्यांची परीक्षा वाया जाते.

गेल्या काही वर्षांत या प्रतिनिधीचे काम वाढतच गेले आहे. राज्याराज्यांनी गांजाला वैद्यकीय परवानगी दिली तरी वाहतूक खात्याच्या चाचणीत ते कारण चालत नाही, हे 2009मध्ये स्पष्ट झाले, आणि कर्मचाऱ्याला ते समजावून सांगण्याची वेळ बहुधा याच्यावरच येते. ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोनसारखी वेदनाशामके केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या चाचणीत ऑक्टोबर 2017पासून आली, वाहतूक क्षेत्रात जानेवारी 2018पासून. जानेवारी 2020पासून व्यावसायिक चालकांचे नियमभंग नोंदवणारा राष्ट्रीय विदासंच सुरू झाला. नवा चालक कामावर घेण्यापूर्वी आणि पुढे दरवर्षी त्यात शोध घ्यावा लागतो. पात्रतेच्या कलमात या माणसासाठी अजून एक ओळही वाढलेली नाही.