वंशशोध : अमेरिकेतील नागरिकीकरणाचे दस्तऐवज व प्रवासी याद्या

समुद्रमार्गे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत येऊन स्थायिक झालेल्या पूर्वजांचे मूळ गाव व आगमनाची तारीख निश्चित करण्यासाठी नागरिकत्वाच्या अर्जांचा आणि जहाजांच्या प्रवासी याद्यांचा जोडीने उपयोग करण्याची पद्धत. शोध बहुधा उलट्या क्रमाने होतो : १९०० पासूनच्या जनगणनापत्रकांतून आगमनाचे वर्ष मिळते, त्यावरून नागरिकत्वाचा अर्ज सापडतो आणि अर्जात जहाजाचे नाव असल्यास यादीतील नेमकी ओळ हाती लागते.

नागरिकीकरणाचा पहिला कायदा २६ मार्च १७९० चा असून तो ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’पुरताच होता. अर्ज स्थानिक, राज्य वा संघीय अशा अनेक न्यायालयांत करता येत असल्यामुळे १९०६ पूर्वीचे कागद विखुरलेले आहेत. त्यांत जन्मगावाऐवजी अनेकदा केवळ ज्या राजाशी निष्ठा सोडली त्याचेच नाव आढळते. २७ सप्टेंबर १९०६ पासून छापील नमुने सक्तीचे झाले व प्रत्येक अर्जाची प्रत केंद्रीय खात्याकडे जाऊ लागली. नागरिकाच्या पत्नीस १८५५ ते १९२२ या काळात पतीमुळेच नागरिकत्व मिळत असल्याने त्या काळातील विवाहित स्त्रियांचे स्वतंत्र अर्ज क्वचितच मिळतात.

प्रवासी याद्या १८१९ च्या कायद्यान्वये १ जानेवारी १८२० पासून जहाजाच्या कप्तानाने सीमाशुल्क अधिकाऱ्यास देणे बंधनकारक झाले. आरंभीच्या याद्यांत नाव, वय, लिंग, व्यवसाय व देश एवढाच तपशील असे. १९०७ पासून मायदेशी राहिलेल्या जवळच्या नातलगाचे नाव व पत्ता हा रकाना आला, आणि वंशशोधकाला सर्वाधिक उपयोगी तोच. न्यूयॉर्क बंदरातील स्थलांतरितांच्या तपासणीचे केंद्र असलेल्या एलिस बेटावर १५ जून १८९७ रोजी लागलेल्या आगीत न्यूयॉर्कच्या साऱ्या जुन्या याद्या नष्ट झाल्या, हा समज बरोबर नाही; सीमाशुल्क खात्याचा संच वेगळा असल्याने तो वाचला.

एलिस बेटावरील अधिकाऱ्यांनी स्थलांतरितांची आडनावे बदलली, असे अनेक कुटुंबांत सांगितले जाते. याद्या मुळात प्रस्थानाच्या बंदरावर जहाज कंपनीचे कारकून तयार करीत आणि बेटावरील निरीक्षक त्या समोर ठेवून केवळ ताडून पाहत, हे लक्षात घेता हे मत ग्राह्य धरणे कठीण आहे. बदल बहुधा पुढे व्यवहारात, किंवा १९०६ च्या कायद्याने दिलेल्या सवलतीनुसार नागरिकत्व घेताना न्यायालयात, झाले असावेत.

काही याद्यांच्या ओळींवर मागाहून लिहिलेले आकडे दिसतात. त्यांतील पहिला अंक नागरिकीकरणाच्या विभागाचा, पुढचा अर्जाचा व शेवटी तारीख असते. हे शेरे बहुतांशी १९२६ नंतरचे असून अर्जदाराचे आगमन पडताळताना लिहिले गेले. मात्र त्यांवरून नागरिकत्व मिळालेच असे ठरत नाही. अनुक्रमणिकेसाठी वापरलेल्या साउंडेक्स या, सारख्या उच्चाराची आडनावे एकत्र आणणाऱ्या, पद्धतीत आडनावाचे पहिले अक्षर व तीन अंक असतात. तिच्यात पाटील आणि पटेल हे दोघेही पी-३४० याच खणात पडतात, म्हणून प्रत्येक कार्ड उलटून पाहणे आले.

प्रस्थानाच्या याद्यांपैकी जर्मनीतील हॅम्बुर्ग बंदराच्या १८५० ते १९३४ या काळातील बहुतेक टिकल्या आहेत. ब्रेमेनच्या बहुतांश नष्ट झाल्या.

भारतीय हे कायद्यातील ‘गोऱ्या व्यक्तीं’त मोडत नाहीत, असे ठरविणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९ फेब्रुवारी १९२३ च्या भगतसिंग थिंद निकालामुळे त्यांना आधी दिलेली काही प्रमाणपत्रे रद्द करण्यात आली, म्हणून केवळ प्रमाणपत्रावर विसंबू नये. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांना १९१४ मध्ये नागरिकत्व मिळाले होते. ते रद्द करण्याचा सरकारचा प्रयत्न १९२६ मध्ये अपील न्यायालयात, हा प्रश्न पूर्वीच निर्णीत झाल्याच्या मुद्द्यावर, फसला. भारतीयांना नागरिकीकरणाचा मार्ग १९४६ च्या कायद्याने खुला झाला.