मुख्य निकष आधी नोंदवला की निकाल का बदलतात

अमेरिकेतल्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेच्या पैशातून हृदयविकारावरच्या मोठमोठ्या चाचण्या होतात. त्यातल्या ५५ चाचण्यांचे निकाल रॉबर्ट कॅप्लन आणि व्हेरोनिका अर्विन या संशोधकांनी २०१५ साली शेजारी-शेजारी मांडले. २००० पूर्वीच्या ३० चाचण्यांपैकी १७ मध्ये उपचाराचा ठळक फायदा दिसला होता. नंतरच्या २५ पैकी फक्त २ मध्ये.

मधल्या काळात एक मोठा बदल झाला होता. चाचणीचं यश कशावरून ठरणार, तो मुख्य निकष आधीच सार्वजनिक नोंदवहीत लिहावा लागू लागला. नोंदणी हे एकमेव कारण होतं, असं यावरून सिद्ध होत नाही. पण चाचणीत औषध कंपनीचा पैसा होता की नव्हता, यावरून हा फरक उलगडला नाही.

नोंदणीने एवढा फरक कसा पडेल, हे गणितावरून कळतं. एका चाचणीत मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात, रक्तदाब, कोलेस्टेरॉल असं बरंच काही मोजलं जातं. पी-व्हॅल्यू (औषधाचा काहीच परिणाम नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली गेली की निकाल लक्षणीय मानायचा, हा रूढ संकेत. म्हणजे औषध पूर्ण निरुपयोगी असलं तरी एका निकषावर केवळ योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के. एकमेकांवर अवलंबून नसलेले ५ निकष तपासले, तर त्यातला निदान एक चमकण्याची शक्यता २३ टक्के होते; २० तपासले तर ६४. त्यात वयोगट, स्त्री-पुरुष, मधुमेही असे उपगट पाडले की संधी आणखी वाढतात.

आता नोकरी, बढती आणि पुढची ग्रँट पेपरांवर ठरते आणि जर्नलांना ‘फरक पडला’ असं सांगणारे पेपर हवे असतात, हे यात मिळवा. खोटा डेटा बनवायची गरजच उरत नाही. चमकलेला निकष पेपरात पुढे येतो, उरलेले मागे पडतात आणि संशोधकालाही मनापासून वाटतं की आपण हेच शोधत होतो. माझ्या मते हा धोका उघड लबाडीपेक्षा मोठा आहे, कारण तो प्रामाणिक माणसालाही चुकत नाही. वरच्या २५ चाचण्यांपैकी १२ मध्ये मुख्य निकष सोडून दुसऱ्या कशावर तरी फायदा दिसलाच होता. नोंद नसती, तर त्यांतल्या किती ‘यशस्वी’ ठरल्या असत्या?

यावरचा एक उपाय २०१३ पासून ‘कॉर्टेक्स’ या जर्नलने राबवला. प्रश्न, पद्धत, नमुन्याचा आकार आणि विश्लेषणाची रीत एवढंच आधी पाठवायचं. रेफरी, म्हणजे त्याच विषयातले इतर तज्ज्ञ, ते तपासतात, सुधारणा सुचवतात आणि डेटा गोळा होण्यापूर्वीच पेपर तत्त्वतः स्वीकारला जातो. ठरल्याप्रमाणे काम झालं, तर उत्तर ‘नाही’ आलं तरी तो छापला जातो. मानसशास्त्रातल्या नेहमीच्या पेपरांत पहिलं गृहीतक खरं ठरण्याचं प्रमाण ९६ टक्के, तर अशा आधी स्वीकारलेल्या पेपरांत ४४ टक्के, असं २०२१ च्या एका तुलनेत आढळलं.

नोंदणीतही पळवाटा असतात. ‘हृदयाचं आरोग्य सुधारेल’ असा मोघम निकष लिहिला, तर नंतर त्यात काहीही बसवता येतं. निकषाबरोबर मोजण्याची पद्धत आणि वेळही हवी: उदाहरणार्थ, १२ आठवड्यांनंतरचा वरचा रक्तदाब. दुसरी पळवाट म्हणजे रुग्ण भरती झाल्यावर केलेली नोंद. भारताच्या सीटीआरआय या नोंदवहीने १ एप्रिल २०१८ पासून अशा उशिराच्या नोंदी घेणं बंद केलं. ही नोंदवही कुणालाही मोफत पाहता येते. एखाद्या औषधाच्या चाचणीची बातमी वाचली, तर तिथे नोंदणीची तारीख, पहिला रुग्ण घेतल्याची तारीख आणि मुख्य निकष पाहा, मग तोच निकष बातमीत आहे का ते ताडून बघा.