ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्यांचे वाचन (मराठवाडा)

ज्या कादंबरीत नायक-नायिकेचे मीलन त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न सुटल्याखेरीज होत नाही, तिला सामान्यतः ख्रिस्ती प्रेमकादंबरी म्हणतात. केवळ पात्रे ख्रिस्ती असल्याने किंवा कथेत चर्चमधला विवाह आल्याने कादंबरी या प्रकारात बसत नाही. प्रेम आणि विश्वास ही दोन्ही सूत्रे परस्परांवर अवलंबून असावी लागतात. ऐतिहासिक आणि समकालीन असे तिचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. त्यांतील सीमारेषा स्थूलमानाने विसाव्या शतकाच्या मध्याशी ओढली जाते. मराठवाड्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर व धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) या आठ जिल्ह्यांत, अशा वाचनाच्या दोन वाटा दिसतात. एक एकोणिसाव्या शतकातील मराठी मिशन-वाङ्मयाची आणि दुसरी अलीकडच्या इंग्रजी कादंबऱ्यांची. दुसरी वाट आज अधिक वाहती असली, तरी तिच्यातील कथा मराठी ख्रिस्ती वाचकाला परकी का वाटत नाही, याचे उत्तर पहिलीत सापडते. म्हणून या नोंदीत पहिलीला अधिक जागा दिली आहे.

मराठीतील या प्रकाराचा आरंभ कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. हरि केशवजी पाठारे यांनी इंग्रज लेखक जॉन बन्यन यांच्या पिलग्रिम्स प्रोग्रेस या रूपककथेचे केलेले भाषांतर यात्रिक क्रमण या नावाने १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला काही अभ्यासक मराठी कादंबरीची पूर्वपीठिका मानतात. तथापि त्यात प्रेमकथा नाही, आणि मूळ ग्रंथाच्या पहिल्या भागातील यात्रेकरू तर बायकामुलांना मागे ठेवूनच घराबाहेर पडतो. त्यामुळे प्रस्तुत विषयापुरता हा आरंभबिंदू गैरलागू ठरतो. बाबा पद्मनजी (१८३१–१९०६) यांचे यमुनापर्यटन (१८५७) हे पुस्तक बहुतेक अभ्यासक मराठीतील पहिली कादंबरी म्हणून स्वीकारतात. यमुना आपला पती विनायक याच्यासह प्रवास करते. वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्या ऐकते, पाहते. पुढे विनायकाच्या मृत्यूनंतर ती स्वतः विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते. हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ चा, म्हणजे पुस्तकाच्या आदल्याच वर्षीचा आहे. हे सान्निध्य योगायोगाचे नाही, कारण पुस्तकाचा रोख त्याच प्रश्नावर होता.

या पुस्तकाला प्रेमकादंबरी म्हणावे काय, याबद्दल दोन मते संभवतात. एका मतानुसार ते मूलतः समाजसुधारणेचे व धर्मप्रसाराचे निरूपण असून कथा हे केवळ त्याचे वाहन आहे. शेवटचा विवाह हा तर्काचा निष्कर्ष आहे, भावनेची परिणती नव्हे. दुसऱ्या मतानुसार पुस्तकाची गुंफण वैवाहिक स्नेहाभोवतीच आहे. पत्नीला बरोबरीने वागवणारा, तिच्याशी चर्चा करणारा पती आणि त्या सहवासातून पक्की होत जाणारी श्रद्धा हे त्याचे मर्म आहे. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. नायिकेचा विश्वास आणि तिचे सांसारिक सुख यांची गाठ एकाच ठिकाणी बांधण्याची रीत मराठीत प्रथम येथेच दिसते, आणि तीच रीत आजच्या ख्रिस्ती प्रेमकादंबरीचा कणा आहे. या संदर्भात लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची मुक्तामाला (१८६१) तुलनेसाठी घेतली जाते. तीत अद्भुतरम्य प्रणय आहे, पण श्रद्धेचा प्रश्न नाही. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची मोचनगड (१८७१) ही पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. मराठी कादंबरीच्या पुढील प्रवृत्तींची मुळे या तीन पुस्तकांत शोधणारी मांडणी भालचंद्र नेमाडे यांनी केली आहे. ती स्वीकारली, तर असे म्हणता येते की ऐतिहासिक प्रणयकथेची परंपरा मराठीत ख्रिस्ती धारेपासून प्रारंभीच वेगळी झाली आणि किल्ले, मोहिमा व राजघराणी यांच्याकडे वळली. सामान्य कुटुंबाची कथा ऐतिहासिक प्रेमकथा म्हणून वाचण्याची सवय मराठी वाचकाला त्यामुळे कमी लागली असावी.

दुसरा दुवा इंग्रजीतला, पण मराठी भूमीतला आहे. कृपाबाई सत्थियानाधन (१८६२–१८९४) यांचा जन्म अहमदनगर येथे धर्मांतरित मराठी ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांची सगुणा ही आत्मचरित्रात्मक कादंबरी १८८७–८८ मध्ये मद्रासच्या एका महाविद्यालयीन मासिकातून क्रमशः आली आणि त्यांच्या निधनानंतर पुस्तकरूप झाली. शिक्षणासाठी धडपडणारी ख्रिस्ती मुलगी, घरातील श्रद्धेचे वातावरण, गोऱ्या मिशनऱ्यांकडून मिळणारी कधी आपुलकीची तर कधी तुच्छतेची वागणूक आणि शेवटी समविचारी ख्रिस्ती तरुणाशी विवाह असा तिचा प्रवास आहे. समकालीन ख्रिस्ती प्रेमकादंबरीची घडण पुढे जशी रूढ झाली, तिच्याशी सगुणा यमुनापर्यटनापेक्षाही जवळची आहे. तरीही मराठी वाङ्मयेतिहासांत तिला क्वचितच स्थान मिळते. भाषा इंग्रजी असल्याने हे घडले असले, तरी ती उणीव खरी आहे.

मराठवाडा या काळात निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ब्रिटिश मुलखातील कायदे येथे आपोआप लागू होत नसत. सरकारी कारभाराची भाषा आधी फार्सी व १८८० च्या दशकापासून उर्दू होती. मराठी शिक्षणाची सोय तोकडी होती आणि स्त्रियांची साक्षरता अत्यल्प. अशा परिस्थितीत छापील मराठी पुस्तक खेड्यापर्यंत पोचण्याच्या मोजक्या मार्गांपैकी मिशन हा एक होता. जालना येथे स्कॉटिश फ्री चर्चचे रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी १८६० च्या दशकात काम सुरू केले. पुढे हैदराबाद संस्थानचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. रतनजी नवरोजी हे पारशी धर्मांतरित काम करीत होते. वैजापूर भागात फ्रेंच कॅथलिक धर्मगुरूंनी, विशेषतः घोगरगाव येथे गुरियन जाकिये यांनी, मंडळ्या (स्थानिक ख्रिस्ती समुदाय) उभ्या केल्या. औरंगाबादचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत मात्र १९७७ मध्ये स्थापन झाला. या मंडळ्यांतील बहुसंख्य कुटुंबे दलित समाजातून आलेली होती, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

पुस्तकांचा व नियतकालिकांचा पुरवठा मुख्यतः पश्चिमेकडून होई. अमेरिकन मराठी मिशनचे ज्ञानोदय १८४२ मध्ये अहमदनगरहून निघाले आणि कॅथलिक वाचकांसाठी निरोप्या हे मासिक १९०३ पासून त्याच जिल्ह्यातून सुरू झाले. गोदावरीच्या अलीकडे-पलीकडे सोयरिकी असल्याने नगर जिल्ह्यातील छापील मजकूर वैजापूर, गंगापूर, पैठण या तालुक्यांत पोचणे स्वाभाविक होते. घरोघरी जाऊन वाचून दाखवणाऱ्या बायबलबाईंमुळे अक्षरओळख नसलेल्या स्त्रियाही कथा ऐकत. तेव्हा येथील ‘वाचन’ पुष्कळ अंशी श्रवण होते असे समजावे लागते. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांची स्मृतिचित्रे ही कादंबरी नव्हे, आत्मकथा आहे. परंतु नवऱ्याने धर्म बदलल्यावर दुरावलेली आणि काही वर्षांनी स्वतःच्या पायांनी चालत त्याच श्रद्धेपर्यंत आलेली पत्नी, हे तिचे कथासूत्र कोणत्याही कल्पित प्रेमकथेपेक्षा सरस आहे. मराठी ख्रिस्ती घरांत प्रेम व श्रद्धा यांचा मेळ कसा बसतो हे समजून घेण्यासाठी आजही तेच पुस्तक आधी हाती द्यावे.

आज या नावाने ओळखला जाणारा व्यावसायिक प्रकार अमेरिकेत घडला. ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल (१८६५–१९४७) यांना त्याच्या आद्य लेखिका मानतात. त्यांची शंभराहून अधिक पुस्तके प्रसिद्ध झाली. १९७९ मध्ये कॅनडाच्या जॅनेट ओक यांची लव्ह कम्स सॉफ्टली ही कादंबरी आली आणि उत्तर अमेरिकेच्या माळरानावरील वसाहतवाल्यांच्या ऐतिहासिक प्रेमकथांची लाट सुरू झाली. पश्चिमेकडे जाताना वाटेतच नवरा गमावलेली तरुणी मार्टी त्याच्या अंत्यविधीच्या दिवशीच, केवळ निवाऱ्यासाठी, मुलगी असलेल्या एका विधुराशी लग्न करते. प्रेम आणि विश्वास दोन्ही पुढे, घरकामाच्या धबडग्यात, हळूहळू रुजतात. यमुनेच्या कथेशी या कथेचा काहीही संबंध नाही. पण प्रवास, वैधव्य, पुनर्विवाह आणि श्रद्धा ही सूत्रे दोहोंत सारखी आहेत. लग्न आधी आणि ओळख नंतर ही स्थिती तर मराठवाड्यातील वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. फ्रान्सिन रिव्हर्स यांची रिडीमिंग लव्ह ही कादंबरी १९९१ मध्ये सर्वसाधारण बाजारासाठी आणि १९९७ मध्ये काटछाट करून ख्रिस्ती वाचकांसाठी प्रसिद्ध झाली. बायबलमधील होशेय संदेष्टा व त्याची पत्नी गोमर यांची कथा तीत कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधाच्या काळात, १८५० च्या सुमारास, आणली आहे. १९९७ मध्येच हार्लेक्विन या प्रकाशनसंस्थेने लव्ह इन्स्पायर्ड ही समकालीन माला काढली आणि बेव्हर्ली लुइस यांच्या पुस्तकाने पेनसिल्व्हेनियातील आमिश या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथीयांच्या जीवनावरील कादंबऱ्यांना चालना मिळाली. विवाहापूर्वीच्या शारीरिक संबंधांचे वर्णन व शिवराळ भाषा टाळणे आणि शेवट आशादायी करणे हे संकेत या काळात पक्के झाले.

या कादंबऱ्यांची कथाबीजे अनेकदा जुन्या करारातील असतात. राहेलसाठी सात वर्षे राबून पुन्हा सात वर्षे राबणारा याकोब, गीतरत्नातील प्रियकर-प्रेयसी आणि होशेय यांच्याबरोबरच रूथचे पुस्तकही वापरले जाते. विधवा रूथ सासूबरोबर परक्या देशी येते, सातूच्या कापणीत मजुरांच्या मागून सरवा (रानात पडलेली कणसे) वेचते आणि शेताचा मालक बवाज तिच्यासाठी मुद्दाम काही कणसे टाकून ठेवायला सांगतो. ज्या वाचकांच्या घरातील आज्या ज्वारीच्या काढणीनंतर दुसऱ्याच्या रानात सरवा वेचत होत्या, त्यांच्यासाठी हा प्रसंग प्रणयाआधी पोटाचा आहे. बवाजाचे मोठेपण त्यांना त्याच्या प्रेमात नव्हे, तर मजुरांना दिलेल्या त्या सूचनेत दिसते. परदेशी लेखिका रूथची कथा घेताना हा भाग बहुधा घाईने उरकतात.

प्रत्यक्ष वाचनाचे स्वरूप थोडक्यात सांगता येते. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुली, शिक्षिका व परिचारिका हा या पुस्तकांचा मुख्य वाचकवर्ग दिसतो. पुस्तके हातोहात फिरतात आणि अलीकडे मोबाइलवर ई-पुस्तकाच्या रूपात वाचली जातात. पूर्ण कादंबरी मराठीत मिळणे दुर्मीळ असल्याने, इंग्रजी न येणाऱ्या आईला किंवा मावशीला तिची गोष्ट तोंडीच कळते. बायबलबाईंच्या काळातील श्रवणवाचनाशी याचे साम्य लक्षणीय आहे. कथा ऐकणारीची पहिली चौकशी अनेकदा नायिकेच्या घरच्यांविषयी असते, कारण येथे विवाह ठरतो तो कुटुंबांच्या आणि मंडळीच्या संमतीने. अमेरिकन कथेत नायक-नायिका व देव असे तिघेच निर्णय घेतात. सासर, माहेर, पोटजात आणि पाळकसाहेबांचे मत यांना तेथे जागा नसते. परधर्मीयाशी जोडले जाण्याबाबत नव्या करारातील पत्रात पौलाने करिंथकरांस केलेली मनाई या कादंबऱ्यांत नायकाच्या हृदयपरिवर्तनाने सुटते. मराठवाड्यात मात्र त्याच प्रश्नाला जातीचा व गावाचा पदर असतो आणि तो एका प्रार्थनेने सुटत नाही.

या वाचनावरील आक्षेप दोन प्रकारचे आहेत. काही पाळकांना कल्पित प्रेमकथेत रमणे बायबलवाचनाला बाधक वाटते. हा आक्षेप जुना असून कादंबरी या प्रकारावर सर्वत्रच घेतला गेला आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वसाहतवाल्यांच्या कथांत मूळ रहिवाशांवरील अत्याचार झाकले जातात. अमेरिकी सैन्याने १८९० मध्ये वुंडेड नी येथे केलेल्या मूळ रहिवाशांच्या हत्याकांडात सहभागी झालेला नायक असलेल्या एका ऐतिहासिक ख्रिस्ती प्रेमकादंबरीला २०२१ मध्ये रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या संस्थेने पुरस्कार दिला आणि तीव्र टीकेनंतर तो मागे घेतला. नायकाचा पश्चात्ताप हा प्रेमकथेचा एक टप्पा म्हणून वापरला जातो आणि बळी पडलेल्यांना मात्र त्या कथेत आवाज नसतो, हा टीकेचा आशय होता. ज्यांच्या पूर्वजांनी गावकुसाबाहेरून मंडळीत प्रवेश केला, त्या मराठवाड्यातील वाचकांना तो सहज पटावा असा आहे.

मराठवाड्याच्या मातीतील ख्रिस्ती प्रेमकादंबरीची स्वतंत्र परंपरा निर्माण झालेली नाही. मराठी ख्रिस्ती लेखकांचा कल आत्मकथन, कविता, चरित्र व वैचारिक लेखनाकडे राहिला. उस्मानाबाद येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांचे लेखनही याच वळणाचे आहे. बेथेलसारख्या वसाहतीत वाढलेल्या, दुष्काळ आणि स्थलांतर पाहिलेल्या दोन-तीन पिढ्यांच्या संसारकथा अद्याप मुख्यतः घरगुती आठवणींत आणि उपासनेत दिल्या जाणाऱ्या साक्षींत, म्हणजे श्रद्धेच्या अनुभवकथनांत, आहेत.