खान्देशातले तलाव आणि त्यांच्या पाळीवरची वाट

साक्री तालुक्यातल्या एका पाझर तलावाच्या पाळीवर सायकल आडवी टाकून बसलो होतो. म्हशी पाण्यावर घेऊन आलेल्या एका बाबांनी अहिराणीत विचारलं, "कथा चालनात भाऊ?" म्हटलं, पुढं कुठं नाही, हा तलावच बघायला आलो. त्यांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा माझ्या हेल्मेटकडे. "तठे काय शे?"

खान्देशात तलाव ही बघायची गोष्ट नव्हतीच. गुरं पाजायची, पिकाला पाणी द्यायची, पाऊस दडी मारून बसला तर काठावर जाऊन चिंता करायची जागा ती. जळगाव, धुळे, शहाद्याकडून रविवारी पहाटे पाण्याच्या दिशेने पाय किंवा पायडल मारत निघायची हौस अगदी अलीकडची. तलाव आणि तिथवर जाणाऱ्या वाटा मात्र जुन्या आहेत, आणि त्यांतली एकही हौसेपोटी झालेली नाही.

इथली रचनाच तशी आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, नैर्ऋत्येला सह्याद्रीतून निघालेले गाळण्याचे डोंगर, आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. खाली काळा बेसाल्ट. डोंगरावर पडलेलं पाणी नाल्यांतून धडाधड उतरतं आणि नदीला मिळून निघून जातं. आपोआप तळं साचावं असे खोलगट भाग जवळपास नाहीतच. तापीला पाणी असलं तरी तिने गाळाच्या जमिनीत इतकं खोल पात्र कापलंय की उंच काठावरच्या शेतकऱ्याला ते वर काढता येत नसे. म्हणून माणसांनी तापीचा नाद सोडून तिच्या उपनद्या धरल्या: पांझरा, बोरी, गिरणा, सातपुड्याकडून सुकी, मोर, अनेर. खान्देशात जिथं जिथं पाणी आरशासारखं पसरलेलं दिसतं, तिथं कुठंतरी एक बांध असतो. तो शोधायचा आणि कोणी, कधी, का घातला ते विचारायचं, हा माझा सायकलवरचा आवडता उद्योग.

सगळ्यात जुने बांध पांझरेवर भेटतात. पिंपळनेर-साक्रीकडून धुळ्याकडे नदीच्या कडेने आलं तर एकामागून एक दगडी बंधारे लागतात. ही फड पद्धत, किमान तीन-चारशे वर्षांची. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या, आणि भिजणाऱ्या शिवाराचे तीन-चार फड पाडलेले असतात. एका फडात त्या वर्षी एकच पीक, मग जमीन कोणाचीही असो. यंदा ऊस असलेल्या फडात पुढे दुसरं पीक येतं. कोणत्या फडात काय घ्यायचं ते गावकरी मिळून ठरवतात. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, सगळ्यांवर हवालदार, आणि त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनीच द्यायचा. सरकार बदललं, सुभेदार बदलले, फारुकी सुलतान जाऊन मोगल आले, मोगल जाऊन पेशवे, तरी पाटकऱ्याची पाळी चुकली नाही. पुढे नदीच्या वरच्या अंगाला मोठी धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या आणि बरेच फड विस्कटले. काही बंधाऱ्यांवरून मात्र अजून पाणी सांडतं. लोक तिथं पोहतात आणि फोटो काढतात. तो सांडवा किती पिढ्यांचा, हे फोटोत येत नाही.

याच पांझरेच्या खोऱ्यात 1884 साली एक तरुण सहायक अभियंता मुंबई इलाख्याच्या नोकरीत कामाला लागला. दातर्तीजवळ पाटाचं पाणी ओढ्यापलीकडे न्यायला नळांचा सायफन बांधायचं काम त्याच्या सुरुवातीच्या कामांपैकी. तोच पुढचा मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूरच्या कृष्णराजसागराचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, पण त्या हाताला पाण्याचं वळण लागलं ते आमच्या पांझरेवर, असं म्हणायचा मोह मला आवरत नाही. धुळेकर म्हणून तेवढी सूट घेतो.

यानंतर येतो दुष्काळ, आणि खान्देशातल्या तलावांची खरी वंशावळ तिथूनच लिहावी लागते. 1876-78 चा, 1896-97 चा, आणि त्यापाठोपाठ 1899-1900 चा, विक्रम संवत 1956 मध्ये पडला म्हणून 'छप्पन्नचा' म्हणून ओळखला जाणारा. इंग्रज सरकार फुकट धान्य द्यायला कचरत होतं, म्हणून दुष्काळी कामं काढली जात. खडी फोडा, रस्ता करा, तलाव खोदा, आणि त्या बदल्यात पोटापुरतं घ्या. उपाशी माणसाकडून मातीच्या पाट्या वाहून घ्यायच्या आणि त्याच मातीची पाळ करून पुढच्या दुष्काळाला अडवायचं, असा तो हिशेब.

स्वातंत्र्यानंतरही हिशेब फार बदलला नाही. बहात्तरच्या दुष्काळात राज्यभर लाखो माणसं कामांवर होती. आमच्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला विचारा, ती कामावर खायला मिळणारी सुकडी, मिलोची लाल ज्वारी आणि खडीच्या ढिगांचं माप अजून सांगते. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. गावोगावचे पाझर तलाव, नालाबांध हे बरंचसं याच काळाचं. पाझर तलावाला पाट नसतो. पाणी अडवायचं, जमिनीत मुरवायचं आणि खालच्या विहिरींना पाझर फोडायचा, एवढंच त्याचं काम. म्हणजे हा तलाव भरलेला दिसण्यापेक्षा हळूहळू आटण्यासाठीच बांधलेला. फेब्रुवारीत तिथं सायकल दामटत गेलेला माणूस कोरडं तळ बघून चिडतो. तळ्याने आपलं काम केलेलं असतं.

सातपुड्यात गोष्ट वेगळी. तोरणमाळचं पठार समुद्रसपाटीपासून 1,100 मीटरच्या वर, आणि त्या उंचीवर यशवंत तलाव पसरलेला. हल्ली लोक तिथं बोटीत बसायला जातात, पण तोरणमाळला येणारा जुना पाहुणा यात्रेकरू होता. गोरखनाथ आणि मच्छिंद्रनाथांची ही ठाणी, आणि महाशिवरात्रीला महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेश आणि गुजरातेतूनही माणसं चढून येत. शहाद्याहून म्हसावद, राणीपूरमार्गे आज डांबरी रस्ता आहे. सात पायरी घाटात सायकलवरून उतरून ती ढकलावी लागली तर लाजू नये. याच रानात दिवाळीच्या सुमारास अस्तंब्याची यात्रा भरते. अश्वत्थाम्याच्या शिखराकडे लोक रात्रभर चालत चढतात. पर्यटन खात्याची पाटी लागण्याच्या कितीतरी आधी भिल्ल आणि पावरा माणसांच्या पायांनी या वाटा मळल्या होत्या, यात्रेला आणि आठवडे बाजारालाही.

त्या वाटांवर पहारे बसले इंग्रजांमुळे. 1818 मध्ये खान्देश त्यांच्या हाती आला, डोंगरातल्या भिल्लांनी ते मानलं नाही. 1825 मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, भिल्लांच्या वाटांवर भिल्लांनाच बसवायला. मग वनकायदे आले आणि पायवाटेवर चालणाराही परवानगीच्या कक्षेत आला. यावल अभयारण्यातून पालकडे आणि सुकीच्या धरणाकडे जाताना वनखात्याचा नाका लागतो, तेव्हा ही जुनी कथा मला आठवते. वाघ-बिबट्यांसाठी नाका हवा, हेही खरं.

पुढची पिढी मोठ्या धरणांची. तापी आणि पूर्णा जिथं मिळतात तिथं चांगदेवाचं देऊळ, आणि त्याच्याखाली हतनूरचं धरण. 41 दरवाज्यांचं हे धरण 1982 मध्ये पूर्ण झालं. फुगवट्याचा उथळ, गाळाचा काठ पाखरांना मानवला आणि हिवाळ्यात परदेशी बदकांचे थवे उतरू लागले. शेताला आणि कारखान्यांना पाणी देण्यासाठी बांधलेल्या जागेचं नाव आज पक्षीप्रेमींच्या यादीत आहे. जवळच मुक्ताईनगरकडचा हरताळा तलाव. श्रावणबाळ इथंच दशरथाच्या बाणाने पडला असं गावकरी सांगतात. आईबापासाठी पाणी आणायला गेला आणि जीव गेला. ही कथा कोरडवाहू मुलखाने आपल्या तळ्याशी बांधावी, यात नवल नाही.

नर्मदेच्या काठी मात्र मन रमत नाही. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या 33 गावांची घरं, शेतं, वाटा गिळल्या. डोंगरांमध्ये निळं पाणी पसरलेलं दिसतं, देखणंच दिसतं. ज्या गावांना चालत जाता येत होतं तिथं आता बोटीने जावं लागतं. त्या काठावर उभं राहून 'सीनरी' हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

सायकल या सगळ्यात उशिरा आली, तीही कामाची म्हणून. दुधाच्या किटल्या, गवताचे भारे, पाटावर फिरणारा पाटकरी. तासावर भाड्याने मिळणारी सायकल आणि नगरपालिकेचा बिल्ला आठवणारी माणसं अजून आहेत. आज रविवारी निघणारे आम्ही ज्या वाटा धरतो त्या बऱ्याचदा त्याच पाटाच्या कडेच्या, कालव्याची देखभाल करायला केलेल्या. वाहनं कमी, चढ नगण्य, एका अंगाला केळी, दुसऱ्या अंगाला पाणी. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरत नाही, आणि पाऊस सरला की सराटे आणि वेडी बाभूळ ट्यूबची चाळण करतात. पोळ्यानंतर ते भरताची वांगी येईस्तोवर हे दिवस त्यातल्या त्यात बरे.

बाबांना मी यातलं फारसं काही सांगितलं नाही. उलट तेच बोलले. बहात्तरात या पाळीवर ते बारा वर्षांचे होते, आई पाटी उचलायची आणि ते दगड वेचायचे. पाळीचं टोक कुठून सुरू झालं ते त्यांनी काठीने दाखवलं. मग म्हशी पाण्याबाहेर येईनात म्हणून शिव्या देत उतरले.