काठ नसलेली जमीन

परातीतल्या पाण्यात बोट बुडवले तर उठलेले तरंग कडेवर आपटून परत फिरतात आणि क्षणभरात अशी गिचमीड होते की मूळ तरंग कोणता, हेच ओळखता येत नाही. तलावात मात्र तेच तरंग दूर जाऊन विरून जातात. भूकंपाच्या तरंगांचे गणित संगणकावर मांडू पाहणाऱ्या स्थापत्य अभियंत्यांपुढे १९६०च्या दशकात नेमकी हीच अडचण होती. इमारतीखालची जमीन दूरवर पसरलेली असते, संगणकात तिचा एक तुकडाच मावतो, आणि तुकडा म्हटला की त्याला काठ आलाच. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक जॉन लिस्मर यांच्या कारकिर्दीतला मोठा भाग हा काठ पुसण्यात गेला.

मिशिगन विद्यापीठात १९६५ मध्ये पूर्ण केलेल्या पीएचडीत त्यांनी बांधकामाच्या ताठ, म्हणजे न वाकणाऱ्या, पायाच्या उभ्या कंपनांचा अभ्यास केला होता. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि रिचर्ट यांनी दाखवून दिले की गोल पायाखालच्या अख्ख्या जमिनीऐवजी एक स्प्रिंग आणि एक डॅशपॉट धरला तरी उत्तर पुरेसे बरोबर येते. डॅशपॉट म्हणजे तेलाच्या नळकांड्यात सरकणारा दट्ट्या. मोटारसायकलच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये असतो तोच. जमिनीत अर्थातच तेल नसते, आणि इथे घर्षणही हिशेबात धरलेले नव्हते. पण तरंग ऊर्जा घेऊन कायमचे निघून जातात, त्यामुळे पायाच्या दृष्टीने ती ऊर्जा खर्ची पडल्यासारखीच असते.

१९६९ मध्ये लिस्मर आणि कुलमायर यांनी हाच डॅशपॉट उचलून संगणकातल्या जमिनीच्या काठावर बसवला. त्याचा जोर किती असावा, याचे सूत्र चकित करण्याइतके साधे आहे: जमिनीची घनता गुणिले तरंगाचा वेग. एवढे जुळवले की काठाशी पोहोचलेल्या तरंगाला पुढेही जमीनच आहे असे ‘वाटते’ आणि तो परतत नाही. काठावर सरळ समोरून येणारा तरंग पूर्ण शोषला जातो, तिरका येणारा थोडाफार परततो; तरीही ही युक्ती आजवर टिकून आहे.

जमिनीचा तुकडाच मोठा का घेऊ नये? समजा, तरंगाचा वेग सेकंदाला २०० मीटर आणि कंपने सेकंदाला १० आहेत. म्हणजे तरंगलांबी २० मीटर झाली. संगणकात जमीन ज्या छोट्या गणिती ठोकळ्यांत विभागतात, ते तरंगलांबीच्या आठव्या ते दहाव्या हिश्श्याहून मोठे नसावेत, हा दंडकही याच जोडीच्या १९७३च्या अभ्यासातून रूढ झाला. आता दहा सेकंदांत एकही परतीचा तरंग मध्यापर्यंत येऊ द्यायचा नसेल तर काठ चारही बाजूंना आणि खालीही एक किलोमीटर दूर हवा, आणि अडीच मीटरच्या ठोकळ्यांनी तेवढी जमीन भरायला २५ कोटींहून अधिक ठोकळे लागतात. त्या काळच्या संगणकांना ते अशक्यच होते.

पुढे वास नावाच्या संशोधकाबरोबर लिस्मर यांनी थरांच्या जमिनीसाठी असाच, पण अधिक अचूक काठ तयार केला. १९७५चा ‘फ्लश’ आणि १९८१चा ‘सॅसी’ हे लिस्मर यांच्या गटाचे प्रोग्रॅम अणुवीज केंद्रांच्या भूकंपविषयक तपासणीत वापरले जाऊ लागले.

बर्कलीतच २००३ मध्ये उष्णीष बसू आणि अनिल चोप्रा यांनी, विद्युतचुंबकीय तरंगांसाठी शोधलेला एक शोषक थर जमिनीतल्या तरंगांसाठी घडवला. या चोप्रांचे नाव कोयनेशीही जोडलेले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला, त्याचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीजवळ भेगा पडल्या. भूकंपात नेमक्या तिथेच ताण अतिरेकी वाढतो, हे चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी १९७३ मध्ये गणिताने दाखवले. कोयना धरण आज जगभरच्या अभियांत्रिकी सॉफ्टवेअरसाठी नेहमीचे कसोटीचे उदाहरण आहे. गंमत अशी की त्यात सोयीसाठी धरणाखालचा खडक अनेकदा पूर्ण ताठ धरतात. मग धरणातून खाली उतरलेल्या तरंगांना वाटच उरत नाही आणि ते परातीतल्या तरंगांसारखे पुन्हा वर चढतात.