पंखाच्या मुळाशी एक भोक

परवा कट्ट्यावर पुन्हा तोच विषय निघाला. हवाई दलाची एएन-32 मालवाहू विमानं 1984 पासून उडतायत. 'हे भंगार अजून उडवतात कसं?' एकाने विचारलं. दुसरा लगेच म्हणाला, 'अरे, आता नवं कॉकपिट बसवलंय ना!' मला दोघांशीही भांडायचं होतं. तिथे जमलं नाही, म्हणून इथे.

आधी हकीकत. 2009 मध्ये भारताने युक्रेनशी करार केला: शंभराहून अधिक एएन-32 अद्ययावत करायची, 40 तिकडे आणि बाकीची हवाई दलाच्या कानपूरच्या दुरुस्ती डेपोत. (असे डेपो ज्या अनुरक्षण कमांडच्या हाताखाली येतात, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.) विमानाचं आयुष्य 25 वर्षांवरून 40 वर नेणं हा त्यातला मोठा भाग. 2014 ला रशियाने क्रिमिया घेतला आणि सुट्या भागांची रडकथा सुरू झाली, पण तो विषय वेगळा. माझा प्रश्न साधा आहे: ही जास्तीची 15 वर्षं आली कुठून?

कॉकपिटमधून नक्कीच नाही. पडदे, रेडिओ, रडार बदलता येतात. इंजिनही उतरवून दुसरं चढवता येतं. विमान म्हातारं होतं ते पंखाच्या मुळाशी, जिथे पंख धडाला मिळतो तिथे. जमिनीवर असताना पंख आपल्या आणि पोटातल्या इंधनाच्या वजनाने किंचित खाली झुकलेला असतो. उड्डाण झालं की तोच पंख सगळं धड उचलून धरतो, वर वाकतो, आणि त्याच्या खालच्या बाजूचा पत्रा ताणला जातो. उतरलं की पुन्हा सैल. शिवाय हवेतला प्रत्येक धक्का म्हणजे आणखी एक छोटी ओढ. बादलीची कडी पुन्हापुन्हा इकडून तिकडे वाकवली की तुटते. एका झटक्यात मात्र ती हाताने तुटत नाही. धातूचा हा थकवा. पोलादाच्या बाबतीत ताण एका मर्यादेखाली ठेवला तर सहसा कितीही फेऱ्या चालतात. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना ती सवलत नाही. ताण कमी असला तरी हिशेब चालूच राहतो.

त्यात पंखभर रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची, भोकं. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असलं तर त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो, हे 1898 पासून माहीत आहे. भेग जन्मते ती तिथेच, केसाहून बारीक.

आता थोडं गणित. नको असेल त्याने पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. भेगेच्या टोकाशी ताणाची जी तीव्रता असते ती पत्र्यातल्या एकूण ताणाच्या, आणि भेगेच्या लांबीच्या वर्गमुळाच्या, प्रमाणात वाढते. दर फेरीला भेग किती सरकेल हे त्या तीव्रतेच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या घातावर ठरतं. हा नियम पॉल पॅरिस या अमेरिकन अभियंत्याचा. नामांकित नियतकालिकांनी त्याचा लेख नाकारला, आणि 1961 मध्ये तो एका विद्यापीठाच्या अंकात छापून आला! चौथा घात धरला तर भेगेचा वेग लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणजे 1 मिलिमीटरची भेग 2 ची होण्यातच उरलेलं निम्मं आयुष्य जातं. 2 ची 4 होण्यात पाव. 4 ची 8 होण्यात आणखी निम्म्याने कमी. आणि ताण 20 टक्क्यांनी वाढला तर वेग दुपटीहून थोडा जास्त होतो.

म्हणून वर्षं मोजून काही कळत नाही. डोंगरातून खालून उडणाऱ्या, कच्च्या धावपट्टीवर आदळणाऱ्या विमानाचा एक तास आणि उंचावरून शांत जाणाऱ्या विमानाचा एक तास सारखे नव्हेत. अमेरिकी हवाई दल आपल्या सी-130 हर्क्युलिस या मालवाहू विमानांसाठी 'समतुल्य तास' मोजतं, म्हणजे खडतर उड्डाणाचा तास जास्त धरून. 2005 मध्ये 45,000 समतुल्य तासांपुढची विमानं त्यांनी जमिनीवर बसवली आणि 38,000 च्या पुढच्यांवर बंधनं घातली. कारण 17 जून 2002 ला कॅलिफोर्नियात वॉकर गावाजवळ काय झालं ते ताजं होतं. हवाई दलातून निवृत्त झालेलं एक जुनं हर्क्युलिस वणव्यावर द्रव्य टाकत असताना त्याचे पंख हवेतच मोडले, आतले तिघेही गेले. तपासात पंखाखालच्या पत्र्यात सुमारे 12 इंची थकव्याची भेग सापडली. ती सुरू झाली होती रिव्हेटच्या भोकांपाशी, वरून जोडपत्रा बसवलेल्या जागी, म्हणजे डोळ्याला दिसणारच नाही अशी.

डोळ्याला दिसत नाही म्हणून एडी करंट. पेनाएवढं टोक, आत बारीक तारेची गुंडाळी. ते भोकाच्या कडेने फिरवलं की पत्र्यात भोवऱ्यासारखा विद्युतप्रवाह फिरतो. वाटेत भेग आली की त्याला वळसा पडतो आणि पडद्यावरचा ठिपका उडी मारतो. तपासणी किती दिवसांनी? भेग दिसण्याजोगी होण्यापासून घातक होईपर्यंतचा काळ काढायचा आणि त्याच्या निम्म्यावर बघायचं, म्हणजे एकदा नजर चुकली तरी दुसरी संधी मिळते. खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू वाहायला माझी हरकत नाही. पण कॉकपिटात लिंबू-मिरची टांगून हा ठिपका उडायचा थांबत नाही. आणि काचेच्या चकचकीत पडद्यांनीही नाही.

भेग नाही, पण भोक सुरक्षित करायचंय, तर मला सर्वांत आवडणारी युक्ती आहे. भोकात पातळ चिरलेली नळी घालून तिच्यातून किंचित जाड दांडा ओढून काढतात. भोकाची कड कायमची फाकते. तिच्याबाहेरचा धातू मात्र मूळ जागी परतू पाहतो आणि कडेला चहूबाजूंनी आवळून धरतो. लोहार तापवलेली धाव बैलगाडीच्या चाकावर चढवतो आणि ती गार होताना चाक आवळते, तसंच. आवळलेल्या धातूत भेगेला तोंड उघडायलाच जागा मिळत नाही. बारीक भेग आधीच असेल तर भोक थोडं मोठं करून ती छिलून टाकतात, आणि मग हेच करतात. पण एका भोकाला किती वेळा मोठं करणार? शेजारच्या भोकापर्यंतचं अंतर फार कमी झालं की तो भागच बदलावा लागतो. हर्क्युलिसच्या बाबतीत तर दोन्ही पंखांना जोडणारा मधला अख्खा डबा काढून नवा बसवतात. ज्यांचा तो डबा जुनाच राहिला होता, अशा हर्क्युलिसच्या एका जोडाला 2019 मध्ये भेगा सापडल्या, आणि अमेरिकेने तपासणीसाठी सुमारे 450 पैकी 123 विमानं थांबवली.